हेलिपॅड मरतं कसं: भिवंडीच्या निमित्तानं

भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाला हेलिपॅड नाही. त्यामुळे ते बंद पडण्याचा, त्यासाठी मोर्चा निघण्याचा किंवा त्या जागेवर पुढे काय बांधलं यावरून महापालिकेत खुर्च्या फेकल्या जाण्याचा प्रसंग आलेला नाही. तरीही रुग्णालयांची हेलिपॅडं का बंद होतात आणि त्यांच्या जागांचं पुढे काय होतं, याचा हिशेब भिवंडीत बसून मांडणं मला गरजेचं वाटतं. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आता भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाशी येऊन थांबतो. या रस्त्याच्या कडेला हेलिपॅडं होतील, अपघातग्रस्तांना हवाई रुग्णवाहिका मिळेल, अशा घोषणा रस्ता बांधून होत असतानाच होत आल्या. म्हणजे आज ना उद्या आमण्याच्या आसपास कुठेतरी काँक्रीटचं वर्तुळ उमटेल, फीत कापली जाईल. तेव्हा ते वर्तुळ किती वर्षं जगेल, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आधी गरज तपासू. सात लाखांवर वस्तीचं हे शहर. यंत्रमागांचं, आणि आता त्याहून जास्त गोदामांचं. इथला गंभीर रुग्ण उपजिल्हा रुग्णालयात पोचला की बहुतेक वेळा कानावर पडणारं वाक्य एकच: ‘पुढे घेऊन जा.’ पुढे म्हणजे ठाणे, नाहीतर कळवा, नाहीतर थेट शीव, केईएम किंवा जेजे. ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी पाडली आणि कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात गेला, तसा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयावरचा भार आणखी वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले तेव्हा साऱ्या राज्याचं तिकडे लक्ष गेलं. त्या रुग्णालयात केवळ ठाण्याचे नव्हे, तर भिवंडी, शहापूर, मुरबाड आणि पालघरकडचेही रुग्ण येतात.

मग भिवंडीहून कळव्याला हेलिकॉप्टरनं न्यावं का? नाही. हे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण भाषणांत नेमका हाच गोंधळ होतो. भिवंडी ते ठाणे हे अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास. हेलिकॉप्टर ते पाच-सात मिनिटांत कापेल, पण त्याआधी वैमानिकाला निरोप, हवामानाची खात्री, इंजिन तापवणं, येणं, उतरणं. मग रुग्णाला रस्त्यावरच्या गाडीतून हेलिकॉप्टरात, तिकडे पुन्हा हेलिकॉप्टरातून गाडीत. प्रत्येक हलवाहलवीत सलाइन, ऑक्सिजन, मानेचा पट्टा सगळं सांभाळायचं. इतक्या छोट्या अंतरात रस्त्यावरची गाडीच जिंकते, फक्त रस्ता मोकळा हवा. तो नाही, ही भिवंडीची खरी व्यथा. माजिवडा ते वडपे या चोवीसेक किलोमीटरांच्या आठपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं; मानकोली, रांजनोली, खारेगाव ही नावं रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारा, तो भाषा सांभाळून बोलला तर नशीब. भिवंडी शहरासाठी हेलिपॅड मागणं म्हणजे मानकोलीच्या कंटेनरांवर बोट न ठेवता आभाळाकडे बोट दाखवणं.

हेलिकॉप्टरचं गणित जमतं ते भिवंडीच्या पलीकडे. कसारा घाटातला अपघात, शहापूरच्या आडबाजूचा पाडा, मोखाडा, जव्हार. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय हे त्या भागाचं आधारस्थान, पण तिथून पुढे पाठवायचं म्हटलं की नाशिक किंवा ठाणे, आणि मध्ये घाट. पावसाळ्यात पाड्यावरून बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पन्नास, सत्तर, शंभर किलोमीटर अंतरावर, वाईट रस्त्यावर हेलिकॉप्टर खरोखर तास वाचवतं. आमणे हे या सगळ्या पट्ट्याचं मुंबईकडचं तोंड आहे. तिथे रुग्ण उतरवून पुढे ठाण्या-मुंबईला न्यायचा, किंवा तिथून हेलिकॉप्टर उचलून आत पाठवायचं, हे दोन्ही शक्य आहे. ज्याला ‘रुग्णालयाचं हेलिपॅड’ म्हणतात ते इथे प्रत्यक्ष रुग्णालयाच्या छतावर नसेल, तरी काम तेच.

आता एक गोष्ट, जी घोषणा करणाऱ्यांनी अजून नीट पाहिलेली दिसत नाही. समृद्धीवरचे गाजलेले तीन मोठे अपघात घ्या. १ जुलै २०२३, सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, वेळ मध्यरात्रीनंतरची. त्यानंतर महिनाभरात, ३१ जुलैच्या रात्री शहापूर तालुक्यात सरळांबे इथे पुलाचा गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळून २० कामगार मेले. १५ ऑक्टोबर २०२३, वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ट्रकवर आदळून १२ जण गेले, तीही मध्यरात्रच. खुद्द भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी कोसळली ती पहाट व्हायच्या आधी, माणसं झोपेत असताना. सिंदखेडराजाला तर बहुतेक प्रवासी बसमध्येच जळाले, तिथे कुठलंच वाहन उपयोगी पडलं नसतं, हे खरं. पण बाकीच्या ठिकाणी जखमी होते, आणि सगळीकडे अंधार होता. दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत चालणारं हेलिपॅड यांतल्या एकाही रात्री कामाचं नव्हतं. रात्रीसाठी दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर, रात्रीच्या उड्डाणाचा सराव असलेले वैमानिक आणि उजळलेलं, राखलेलं हेलिपॅड लागतं. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग जमिनीवर टेकतात. वर्षातल्या किती तासांत हेलिकॉप्टर खरोखर उडू शकेल, हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय हेलिपॅड बांधलं, तर ते वापराअभावी मरतं. हा हेलिपॅडच्या मरणाचा पहिला आणि आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा प्रकार. वापर नाही म्हणून दिव्यांचं बिल कोणी भरत नाही, दिवे नाहीत म्हणून रात्री वापर नाही. मग त्या गुळगुळीत काँक्रीटवर आधी साहेबांची गाडी लागते, नंतर सगळ्यांच्या.

दुसरा प्रकार शेजाऱ्यांमुळे येतो. त्यासाठी हेलिपॅड म्हणजे काय हे थोडं उलगडायला हवं. लोकांना दिसतं ते वर्तुळ आणि त्यातला एच. रुग्णालयाचं असेल तर पांढऱ्या क्रॉसवर लाल एच. पण हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ खाली येत नाही. ते तिरकं येतं, तिरकं जातं, आणि वारा फिरला तर दुसऱ्या बाजूनं येतं. म्हणून निदान दोन दिशांनी मोकळा उतार लागतो. आंतरराष्ट्रीय मानकांतल्या सर्वांत कडक प्रकारात हा उतार साडेचार टक्क्यांचा आहे. हेलिपॅडच्या कडेपासून शंभर मीटरवर साडेचार मीटरांहून उंच काही नको. एक किलोमीटरवर पंचेचाळीस मीटरांहून, म्हणजे साधारण पंधरा मजल्यांहून उंच नको. हा उतार जातो तीन किलोमीटरांहून पुढे. आता भिवंडीची गोदामं पाहा. पूर्वीची पत्र्याची बसकी गोदामं गेली. आता कंपन्यांना बारा मीटर उंचीचं शेड लागतं. तसं एक शेड उताराच्या वाटेत, २७० मीटरांच्या आत उभं राहिलं की त्या दिशेचा कडक हिशेब मोडला. हेलिपॅडच्या सातबाऱ्यावर कोणी पाऊल ठेवलेलं नाही, एक वीट हलवलेली नाही, आणि तरी ते अर्धं मेलं.

भिवंडी तालुक्यात याहून वाईट शेजारी आहेत: तारा. पडघ्याला ४०० केव्हीचं मोठं वीज उपकेंद्र आहे. चंद्रपूरहून ७५० किलोमीटर लांब येणारी उच्चदाब एकदिश वाहिनी तिथे संपते, आणि तिथून मुंबई-ठाण्याकडे वाहिन्या पंख्यासारख्या पसरतात. चाळीस-पन्नास मीटर उंच मनोरे, त्यांच्या मधोमध लोंबणाऱ्या, संध्याकाळी न दिसणाऱ्या तारा. वैमानिकाला डोंगरापेक्षा तारेची भीती जास्त, कारण डोंगर निदान दिसतो. आमणे पडघ्याच्या शेजारी आहे. तिथे हेलिपॅडसाठी गट नंबर निवडताना महसुली नकाशाबरोबर वीज पारेषण कंपनीचा नकाशा पसरून बसायला लागेल. या तपासणीशिवाय निवडलेली जागा उद्घाटनाच्या दिवशीच मेलेली असेल.

विमानतळाभोवती इमारतींच्या उंचीवर बंधन घालायला केंद्राचे नियम आहेत. मुंबई विमानतळाच्या आसपास विलेपार्ले-घाटकोपरच्या सोसायट्यांचा पुनर्विकास त्यात कसा अडकतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. रुग्णालयाच्या एकुलत्या हेलिपॅडभोवती असं कवच आपोआप येत नाही. विकास आराखड्यात तो उतार आखून घ्यावा लागतो, नाहीतर शेजारच्या जमीनमालकाला बांधकाम परवानगी नाकारायला पालिकेकडे कारणच उरत नाही. आणि भिवंडीत परवानगी मिळणं न मिळणं हा मुळात गौण भाग. भिवंडीलगतच्या साठ गावांसाठी एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण झाली, तरी तिथली विनापरवाना गोदामं उच्च न्यायालयापर्यंत गाजली. जिथे अख्खं गोदाम परवानगीविना उभं राहतं, तिथे हवेतली एक तिरकी रेषा कोण राखणार?

तिसरं मरण नियमांमुळे येतं, आणि ते आपल्याकडे अजून आलेलं नाही. जर्मनीत १ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिकच्या हार्लाखिंग रुग्णालयातून ‘ख्रिस्तोफ १’ हे पिवळं हेलिकॉप्टर रुग्णसेवेला लागलं आणि पुढे देशभर शेकडो रुग्णालयांच्या अंगणांत हेलिकॉप्टरं उतरू लागली. मग युरोपीय संघाचे २०१२ चे उड्डाणनियम लागू झाले. दाट वस्तीत इंजिन बंद पडलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जागेला द्यावं लागलं. २०१४ च्या सुमारास तिथल्या अनेक रुग्णालयांना आपली जागा आता बंद होणार अशी धास्ती होती. शेवटी जुन्या जागांना सार्वजनिक हिताच्या जागा म्हणून वेगळी, अटींसह मान्यता देण्याची वाट वापरली गेली. मला यातलं लक्षणीय वाटतं ते हे, की तिथे आधी यादी होती. कुठे, कधीपासून, किती वेळा उतरलं जातं याची नोंद असल्यामुळे कुठली जागा वाचवायची हे ठरवता आलं. आपल्याकडे नियम कडक झाले तर वाचवायचं काय, हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल.

अपघातानं होणारं बंद पडणं वेगळं. ४ मार्च २०२२ रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात तटरक्षकांचं मोठं हेलिकॉप्टर उतरत असताना पंख्याच्या वाऱ्यानं शेजारच्या वाहनतळावरची माणसं उडाली. एका वृद्धेचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रिटनभर रुग्णालयांच्या हेलिपॅडांची, विशेषतः त्यांना खेटून असलेल्या वाहनतळांची तपासणी झाली. हेलिकॉप्टर जितकं जड, तितका वारा जोरकस. भिवंडीत उपजिल्हा रुग्णालयाभोवती, कामतघरला किंवा धामणकर नाक्याकडे हे चित्र डोळ्यांसमोर आणा: यंत्रमागाच्या कारखान्यांचे पत्रे, त्यांवर दाबायला ठेवलेल्या विटा, ताडपत्र्या, हवेत उडणारी कापसाची कणी, लोंबणाऱ्या केबल. शहराच्या पोटात हेलिपॅड नको, याचं हे दुसरं कारण.

गोंगाटाचाही एक अध्याय आहे, तो मुंबईचा. अंबानींच्या ‘अँटिलिया’च्या छतावरच्या हेलिपॅडवरून चर्चा पेटली तेव्हा नौदलानं दक्षिण मुंबईतल्या छतांवरच्या हेलिपॅडांना हरकत घेतली होती, आणि आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली यांनी आवाजाचा मुद्दा लावून धरला होता. तो विरोध रास्त होता, पण त्याचा फटका सरसकट बसला. श्रीमंताच्या गच्चीवरचं आणि रुग्णालयाच्या गच्चीवरचं हेलिपॅड लोकांच्या मनात एकच होऊन गेलं.

रुग्णालयच हललं तर? हे जगात बऱ्याचदा होतं, आणि जागेच्या पुढच्या वापराचे सर्वांत स्वच्छ दाखले इथेच मिळतात. अमेरिकेत डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयानं १९७२ मध्ये स्वतःची हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. रुग्णालयानं चालवलेली तिथली पहिली नागरी सेवा म्हणून तिचा उल्लेख होतो. २०११ मध्ये रुग्णालय शेजारच्या लेकवूडला गेलं, जुन्या इमारती पाडल्या, आणि तळ्याकाठच्या त्या मोक्याच्या जागेवर आज घरं आणि दुकानं आहेत. सेवा मेली नाही. ती रुग्णालयाबरोबर नव्या जागी गेली. लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन रुग्णालयाच्या छतावर १९९० पासून हेलिकॉप्टर उतरत होतं. मागे नवं उंच रुग्णालय बांधलं, त्याच्या माथ्यावर नवं हेलिपॅड केलं, ते चालू झालं आणि मग जुनं सोडलं. जुन्या रुग्णालयाची दर्शनी इमारत पाडली नाही. २०२३ पासून तिथे टॉवर हॅम्लेट्स या विभागाचं नगरभवन आहे. दोन्हीकडे क्रम लक्षात घ्या. आधी नवी जागा, मग जुनीचा नवा वापर. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो: आधी जागा जाते, पर्याय ‘विचाराधीन’ राहतो.

ठाणे जिल्ह्यात जुन्या उड्डाणभूमीचं पुढे काय होतं, याचा सर्वांत कडू धडा नेवाळीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं कल्याणजवळ, मलंगगडाच्या वाटेवरच्या गावांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपलं की जमीन परत मिळेल, अशी तिथल्या शेतकऱ्यांची समजूत होती. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी ओस पडली. जमीन कागदोपत्री संरक्षण खात्याकडे आली आणि प्रत्यक्षात शेतकरी ती कसत राहिले. नवी मुंबईच्या विमानतळाच्या जागेवरून वाद चालू होता तेव्हा पर्याय म्हणून कल्याणचं नावही पुढे आलं आणि मागे पडलं. मग नौदलानं कुंपणभिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ रोजी नेवाळीत आंदोलन पेटलं. पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्रे चालले, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. युद्धानंतरच्या इतक्या वर्षांत त्या जमिनीवर ना विमानतळ झाला, ना मालकीचा वाद मिटला. जमीन कशासाठी घेतली, ते काम संपलं तर ती कोणाकडे जाईल, हे घेतानाच लिहून ठेवलं नाही की असं होतं. आमण्याच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी समृद्धीसाठी जमिनी दिल्या आहेत. हेलिपॅडच्या नावानं आणखी एकरभर जमीन घ्यायची असेल, तर ‘वापर बंद झाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारं एक कलम करारात हवंच. नेवाळीच्या पोरांनी ते कलम नसण्याची किंमत मोजली आहे.

मुंबई-ठाण्यात मोकळ्या जागांचं भवितव्य इतकं हिंसक नसतं, पण दिशा तीच. महालक्ष्मी रेसकोर्सवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरं उतरत आली. त्या २११ एकरांचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे व ९१ एकर शर्यती चालवणाऱ्या क्लबकडे अशी वाटणी ठरली. दक्षिण मुंबईच्या मधोमध, मोठ्या रुग्णालयांपासून जवळ, असा दुसरा मोकळा तुकडा नाही. उद्यानाचं मी स्वागतच करतो. पण त्या चर्चेत आपत्कालीन रुग्णांसाठी उतरण्याची जागा हा विषय घोडे, झाडं आणि भुयारी वाहनतळ यांच्या मानानं फारसा ऐकू आला नाही. ठाण्यात रेमंडच्या आवारात पाहुण्यांची हेलिकॉप्टरं उतरत. गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि २०१९ पासून त्या जमिनीवर निवासी मनोरे उठू लागले. मोकळं मैदान शिल्लक राहतं ते मालकाला दुसरा वापर सुचेपर्यंत. ठाण्याच्या भावात तो सुचायला वेळ लागत नाही.

आणि महाराष्ट्रातलं सर्वांत अल्पायुषी हेलिपॅड? ते मंत्र्यांसाठीचं. दौरा ठरला की बांधकाम खातं शाळेचं किंवा कारखान्याचं मैदान निवडतं, रोलर फिरतो, टँकरनं पाणी मारून धुरळा बसवतात, चुन्यानं एच काढतात, वाऱ्याची पिशवी टांगतात, अग्निशमनाचा बंब आणि एक रुग्णवाहिका उभी राहते. साहेब येतात, जातात, आणि दुसऱ्या दिवशी पोरं तिथे क्रिकेट खेळतात. यात गैर काही नाही. हे कौशल्य आपल्या प्रत्येक तालुक्याकडे आहे, एवढंच दाखवायचं आहे. तात्पुरत्या जागांचा धोकाही आपण पाहिला आहे: २५ मे २०१७ रोजी निलंग्याहून उडताना तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर तारांवर जाऊन कोसळलं, सगळे बचावले हे दैव. राज्याच्या मुख्यमंत्र्यासाठी निवडलेल्या जागेभोवतीच्या तारा नडत असतील, तर मोखाड्याच्या बाळंतिणीसाठी घाईत निवडलेल्या जागेचं काय होईल?

भिवंडीकरांना हेलिकॉप्टरचं अप्रूप नाही, हेही सांगायला हवं. वडपे गावच्या एका शेतकरी-उद्योजकानं दुधाच्या धंद्यासाठी तीस कोटींचं हेलिकॉप्टर घेतल्याची आणि त्यासाठी अडीच एकरांत हेलिपॅड करत असल्याची बातमी २०२१ मध्ये देशभर गाजली. म्हणजे पैसा, जमीन, हौस हे तिन्ही तालुक्यात आहे. नाही ती फक्त सार्वजनिक सोय.

ती सोय कशी दिसते, याचा नमुना म्हणून ऋषिकेशच्या एम्सकडे बोट दाखवतात. तिथे रुग्णालयाच्या आवारात हेलिपॅड आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘संजीवनी’ हवाई रुग्णवाहिका सुरू झाली आणि ती रुग्णाला विनामूल्य होती. १७ मे २०२५ रोजी तीच केदारनाथजवळ उतरताना शेपटी मोडून आपटली. जीवितहानी झाली नाही, पण एका हेलिकॉप्टरवर उभी असलेली सेवा एका आपटण्यानं थांबते, हे दिसलं. मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये आयुष्मान कार्डधारकांसाठी सरकारी हवाई रुग्णवाहिका सुरू केली. केरळात ९ मे २०२० रोजी तिरुवनंतपुरमहून कोचीला प्रत्यारोपणासाठी हृदय आलं ते पोलिसांसाठी भाड्यानं घेतलेल्या हेलिकॉप्टरमधून, आणि उतरलं एका हॉटेलच्या हेलिपॅडवर. पुढचा रस्ता पोलिसांनी मोकळा केला. मुंबईतही ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून आलेलं हृदय विमानतळावरून मुलुंडच्या रुग्णालयात पोचलं ते ग्रीन कॉरिडॉरनं, अठराएक मिनिटांत. कोची आणि मुलुंड या दोन्ही उदाहरणांत रुग्णालयाच्या डोक्यावर हेलिपॅड लागलं नाही. लागली ती जवळची खात्रीची जागा आणि तिथून पुढचा मोकळा रस्ता.

म्हणून माझा निवाडा असा. भिवंडी शहरात रुग्णालयाच्या आवारात किंवा छतावर हेलिपॅड बांधू नये. ते वारा, पत्रे आणि शेजारी यांच्यामुळे दहा वर्षांत बंद पडेल आणि त्याचं वाहनतळ होईल. तो पैसा उपजिल्हा रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता खाटा यांवर खर्चावा, म्हणजे ‘पुढे घेऊन जा’ हे वाक्यच कमी ऐकू येईल. आमण्याजवळ मात्र आताच एक जागा राखावी: तारांपासून दूर, महामार्गावरून दोन मिनिटांत गाडी पोचेल अशी, रात्रीच्या दिव्यांसह, आणि येण्या-जाण्याच्या दोन्ही उतारांसह आराखड्यात आखलेली. हेलिकॉप्टर आज नसेल तरी चालेल. ते भाड्यानं मिळतं, पुढच्या वर्षी मिळतं. तीन किलोमीटरांचा मोकळा उतार पुढच्या वर्षी मिळत नाही.

या जागेला एक धनी लागेल. रस्ते विकास महामंडळ, आरोग्य खातं, जिल्हाधिकारी आणि पोलीस यांच्यात ती वाटून दिली की ती कोणाचीच राहत नाही. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली तेव्हा एकच नियंत्रण कक्ष होता, म्हणून ती रुजली. हेलिपॅडही त्याच कक्षाच्या ताब्यात असावं, महिन्यातून एकदा दिवे लावून पाहावेत, आणि कोणी शेजारी पाया खणायला लागला तर तक्रार करणारा माणूस नावानिशी ठरलेला असावा.

भिवंडी, पडघा, आमणे, वडपे इथल्या वाचकांना एवढंच सांगणं: या पट्ट्याचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. गोदामवाल्यांचे वकील पहिल्याच आठवड्यात अर्ज देतात. तुम्हीही द्या. अर्जात गट नंबर घाला, उच्चदाब वाहिन्या दाखवणारा नकाशा जोडा, दोन्ही उतारांची मागणी स्पष्ट लिहा, वापर बंद झाल्यास जमीन कोणाकडे जाईल ते विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.